खांदा कोणाचा?

"गावातले लोकं हिले उंदराची बंदूक म्हनतात, पोरी," असं म्हणत पुंजाजी गावंड्यांनी गोधडीची गुंडाळी सोडली आणि आतली रायफल आमच्या काउंटरवर ठेवली. "आता तूच सांग, उंदराची दिसते का?"

अजिबात दिसत नव्हती. खांद्याला लावायचा लाकडी दस्ता काळाभोर, हाताच्या तेलानं पॉलिश झालेला. बोल्ट असा गुळगुळीत की एका बोटानं उघडावा. कुण्या गोऱ्या साहेबानं जाताना पुंजाजींच्या वडिलांना दिलेली, आणि नंतर रीतसर परवान्यावर चढलेली. म्हातारं माणूस कसं जुन्या फोटोत देखणं दिसतं, तशी दिसत होती. फक्त नळी गेलेली. आतले आटे इतके झिजले होते की गोळी सरळ जाण्याऐवजी कोलांट्या खात जायची. पुंजाजींनी पुरावा म्हणून पुठ्ठाच आणला होता. त्याला गोल भोकं नव्हतीच, सगळी तांदळाच्या दाण्यासारखी लांबट.

"नळी बदलायची," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि अगदी सहज म्हणाले, "केतकी, आज तू विचार."

तुम्हाला कळणार नाही हे केवढं होतं! तेव्हा मी नववीत होते. आठवीपर्यंत हजेरीला 'यस सर'सुद्धा पुढच्या बाकाला ऐकू न जाणारी मुलगी. आणि आदल्याच आठवड्यात अमरावतीला एअर रायफलमध्ये जिल्ह्यातून दुसरी आले होते. त्या चांदीच्या बिल्ल्यानं माझ्या गळ्याला काय झालं कोण जाणे, तोंड उघडलं की बंदच होईना. वर्गात, रिक्षात, जेवताना. आई म्हणायची, बिल्ला गळ्यात घातलाय की जिभेवर? आणि आता बाबा चक्क गिऱ्हाईक माझ्या हाती देत होते.

परतवाड्यात आमचं शस्त्रदुरुस्तीचं दुकान आजोबांपासूनचं. आजोबांनी एक रीत घालून दिली होती. नळी किंवा दस्ता बदलायला आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं मिळाल्याशिवाय कानशीला हात लावायचा नाही. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशी मी सुरू झाले.

"काय मारायचंय?"

"रानडुक्कर. वनखात्यानं परवानगी देल्ली तं. नाही तं हवेत बार."

"किती लांबून?"

"मचानावरून धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत. साठ-सत्तर पावलं."

"खांदा कोणाचा?"

पुंजाजी हसले. वरचे दोन दात नव्हते. "खांदा? माहाच. अजून कोनाचा राह्यते?"

पंच्याहत्तरीचे असतील. डोळ्यांना जाड काचा. पुठ्ठ्यावरची भोकं दाखवताना बोट भोकाच्या बाजूला पडत होतं, हे मला दिसलं होतं. पण उत्तर मिळालं होतं, आणि मी खूश होते.

त्यांच्यामागे पायरीवर त्यांची सून उभी होती. रंजनाताई. बारीक, सावळी, हातात कापडी पिशवी. नवरा सुरतेला कपड्याच्या कारखान्यात, त्यामुळे वावर, संत्र्याची झाडं, हरभरा, सगळं सासरे-सून बघायचे. असं पुंजाजींनीच सांगितलं.

बाबांनी पुंजाजींना सह्यांसाठी आतल्या खोलीत नेलं. नळी बदलणं म्हणजे नुसतं लोखंडाचं काम नसतं, कलेक्टर ऑफिसची परवानगी लागते, अर्ज, नकला, फोटो. मला मापाचा टेप हवा होता आणि तो नेमका काउंटरच्या खालच्या कप्प्यात होता.

"ताई, जरा धरता का ही?" मी रायफल त्यांच्या हातात दिली आणि खाली वाकले.

वर बघितलं तेव्हा ताईंनी नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं होतं. बोल्ट उघडून त्या आत काडतूस नाही ना ते बघत होत्या. मग बोल्ट लावला आणि एक क्षणभर, अगदी क्षणभर, रायफल खांद्याला लावली. गाल दस्त्यावर असा टेकला, जसा उशीवर टेकावा. पदर घसरला. त्यांनी चट्‌कन रायफल खाली घेतली, पदर वर ओढला आणि माझ्याकडे बघितलं.

"सापडला टेप?" त्यांनी विचारलं.

"सापडला," मी म्हणाले.

एवढ्यात पुंजाजी बाहेर आले आणि खरी लढाई सुरू झाली.

आमच्या काउंटरवर एक लाकडी ठोकळा आहे. त्यात बसवलेली रिकामी काडतुसं, ओळीनं, शाळेच्या रांगेसारखी. बाबांनी त्यातली तीन काढून पुंजाजींपुढे उभी केली.

"नवीन नळी म्हणजे काडतूस ठरवायची संधी," बाबा म्हणाले. "हे पहिलं तुमचं आत्ताचं, पावणेतीनशे. हे दुसरं तीनशे पंधरा. कुठंही मिळतं, पण याच्या बुडाला कडा आहे बघा, तुमच्या बोल्टला ते नीट धरता येणार नाही. आणि हे तिसरं, थर्टी-ओ-सिक्स. आपल्याकडे बनतं, मिळतं. फक्त रायफलमधली काडतुसांची पेटी थोडी लांबवावी लागेल."

पुंजाजींनी तिसरं उचललं, हातात तोललं. "हे मर्द हाये."

"काका, माझं ऐकाल तर पहिलंच ठेवा," बाबा म्हणाले. "मऊ चालतं. साठ पावलांवर डुकराला पुरून उरतं. नागपूरच्या ओळखीच्या दुकानातून वर्षाला वीस-पंचवीस मी मिळवून देईन. तुम्हाला लागतात किती?"

"पाच. लय तं सात."

"आणि त्यातली चार हवेत. हवेला थर्टी-ओ-सिक्स कशाला?"

पुंजाजी हिरमुसले. ठोकळ्यातल्या पहिल्या काडतुसाकडे बघत पुटपुटले, "पाटलाचा पोरगा हासते ना बाप्पा. म्हनते, आबा, तुमच्या बंदुकीनं डुकराले गुदगुल्या होतात."

इथे मी तोंड उघडलं.

मी इंटरनेटवरून सगळे तक्ते पाठ केले होते. कुठल्या काडतुसात किती दारू, गोळीचं वजन किती, वेग किती, शंभर मीटरवर जोर किती उरतो. धडाधड सांगत सुटले. थर्टी-ओ-सिक्सचा जोर कसा भारी, पुढच्या वीस वर्षांत कुठलं काडतूस मिळेल आणि कुठलं नाही, पावणेतीनशेवर अवलंबून राहणं म्हणजे बंद पडलेल्या कंपनीचा फोन घेणं. बाबांनी मध्ये काही म्हणायचा प्रयत्न केला तर मी त्यांचंच वाक्य अर्ध्यात तोडून त्याचं उत्तर दिलं.

"बाप्पा बाप्पा!" पुंजाजींनी कपाळावर हात मारला. "हे पोरगी हाये का कलेक्टर? पांचाळभाऊ, आता तुमी घरी बसा, दुकान हिच्या नावानं करा!"

बाबा हसले. मीही हसले. इतकं छान वाटलं मला, आजही आठवतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "पण मग दस्त्याला मागं रबरी गादी बसवू. लोखंडी पट्टी आहे, हे काडतूस लाथ मारतं."

"गादी?" पुंजाजी पुन्हा हसले, या वेळी मोठ्यानं. "गादी बायकाईले लागते, भाऊ!"

आणि मी त्यांच्याबरोबर हसले. खो खो. मी! ज्या मुलीच्या स्वतःच्या शूटिंग जॅकेटला खांद्यावर दुहेरी अस्तर होतं, ती.

पायरीवर रंजनाताई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

मग मी पुंजाजींच्या हाताचं माप घेतलं. कोपराच्या आतल्या वळणापासून चापावरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. सव्वाचौदा इंच. उंच माणूस होता. दस्ता त्यांना तंतोतंत होता. "काहीच बदलायला नको!" मी जाहीर केलं.

परवानगी आली, नळी आली. बाबांनी ती बसवली, तिच्यावर नवा नंबर ठोकला. राहिलेली जुनी काडतुसं पुंजाजींनी रीतसर जमा केली. दिवाळीच्या आधी ते येऊन रायफल घेऊन गेले. एकटेच आले होते. जाताना मला संत्र्यांची पिशवी दिली आणि म्हणाले, "कलेक्टरबाई, येतो."

संक्रांतीनंतर ते पुन्हा आले. शनिवार होता, म्हणजे बाजार. रस्त्यावर गर्दी आणि शाळा सकाळची, म्हणून मी दुकानात होते. रायफल त्याच गोधडीत.

"ते गादी बसवून द्या, भाऊ," त्यांनी काउंटरकडे बघतच सांगितलं.

"का हो काका? लाथ मारते?"

"वय झालं ना आता."

बाबांनी दस्ता उलटा केला. मागची लोखंडी पट्टी उजेडात धरली. तिच्या कडेला काहीतरी पिवळं वाळून बसलं होतं. बाबांनी नखानं खरवडलं, वास घेतला. हळद होती. हळदीचा लेप.

"घरी सगळं बरं?" त्यांनी विचारलं.

"हो... म्हनजे सून पडली. मचानावरून. पायरी ओली होती ना. गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टरनं झोळीत बांधलाय हात, दीड महिना."

"कोणत्या बाजूचं?"

"उजव्या."

पुंजाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला, परत काढला. बाहेर एक बाई वांग्यांचा भाव ओरडत होती.

"काका," बाबा शेवटी म्हणाले, "शेतीच्या परवान्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव चढवता येतं. अर्ज मी लिहितो. तोवर रायफल इथंच राहू द्या."

"दुसऱ्या मानसाचं?"

"हो."

"बाईचं जमते?"

"जमतं."

पुंजाजींनी चष्मा काउंटरवर ठेवला. "हे कोनी सांगतलं नाही ना, भाऊ," ते म्हणाले. "मले वाटलं, तोंडातून निंघालं तं पोलीस बंदूकच घेऊन जातीन. चार साल झाले, मले धुराच दिसत नाही. निशाना तिचा. माह्यापेक्षा चांगला. पाटलाच्या पोरापेक्षाही." चष्मा घालत म्हणाले, "पहिल्या बाराले खांदा सुजला, हळद लावली तिनं. दुसऱ्या बाराले कडकन आवाज आला. मले वाटलं, फांदी मोडली."

ते गेले. बाबांनी पट्टीवरची उरलेली हळद फडक्यानं पुसली. मग त्यांनी मला विचारलं. रागानं नाही. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"केतकी, त्या दिवशी मी आत होतो. तुला काही दिसलं होतं का?"

दिसलं होतं. सगळं दिसलं होतं. पदर घसरला तेव्हा उजव्या खांद्याच्या हाडावर, ब्लाउजच्या कडेला, रुपयाएवढा डाग होता, मधे जांभळा आणि कडेनं हिरवट-पिवळा. असा डाग कशानं पडतो हे शूटरला सांगावं लागत नाही. आमच्या क्लबातला एक दादा कॉलेजात मोठी बंदूक चालवतो, तो टी-शर्टची बाही सरकवून दाखवायचा, मिरवायचा. ताईंनी लपवला. पावणेतीनशेचा, सगळ्यांत मऊ काडतुसाचा डाग होता तो. आणि त्यांचा हात माझ्याएवढाच. सव्वाचौदा इंचांचा दस्ता त्या खांद्याच्या खळगीत बसूच शकत नव्हता, बाहेर हाडावर यायचा. हेही मला कळलं होतं. तेव्हाच, टेप हातात असताना.

मी बोलले असते तर त्यांचं गुपित फुटलं असतं, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगून बघितलं. पण बोलायची गरजच नव्हती. बाबा पहिलं काडतूस म्हणत होते. मला फक्त गप्प बसायचं होतं. आठवीपर्यंत जे मला उत्तम जमायचं, तेवढंच. किंवा गादी म्हणाले तेव्हा 'हो बसवू' म्हणायचं होतं. जे तक्ते मी धडाधड म्हणून दाखवले, त्यांत शेवटचा रकाना धक्क्याचा होता. तोही मला पाठ होता. तेवढा एक रकाना मी म्हटला नाही, कारण तो म्हटला असता तर बाबा जिंकले असते.

"नाही," मी बाबांना म्हणाले. "मी खाली वाकले होते. टेप शोधत होते."

"बरं," बाबा म्हणाले.

मग मी म्हटलं, गादी मी बसवते. बाबांनी दस्ता माझ्याकडे सरकवला. नळी परत पावणेतीनशेची करायचं बाबांनी स्वतःच ठरवलं, पुन्हा अर्ज, पुन्हा परवानगी. मी दस्ता घेतला. रोज शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि कानस घ्यायची. गादीची जाडी धरून दीड इंचानं आखूड केला. माप कुणाचं घेणार? माझ्याच हाताचं घेतलं. कोपरापासून पेरापर्यंत, पावणेतेरा. मागं लाल रबराची गादी बसवली, कडा इतक्या घोटल्या की बोट फिरवलं तर लाकूड कुठं संपलं आणि रबर कुठं सुरू झालं कळू नये. गाल टेकतो तिथं थोडं उतरवलं. आई म्हणाली, दहावीची तयारी अशी केलीस तर बोर्डात येशील. बाबा येता-जाता बघायचे. दीड इंच का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

अर्ज मंजूर व्हायला आणि नळी यायला पावसाळा उलटला. मी दहावीत गेले होते. एका दुपारी रंजनाताई आल्या. पुंजाजी समोरच्या टपरीवर चहा घेत बसले होते, बाबा आतल्या खोलीत कसलातरी खिळा घासत होते. कानशीचा आवाज येत होता, खर्र, खर्र.

"पांचाळभाऊ हायेत?"

"आहेत. पण तुमची रायफल माझ्याकडे आहे, ताई. बघा ना, मी केलीय."

मी ती दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. मी पाय रोवून उभी राहिले. स्पर्धेत शेवटच्या गोळीला राहते तशी. मला वाटत होतं, त्या गाल टेकवतील, दस्ता त्यांच्या खळगीत अलगद बसेल, आणि त्यांना कळेल. मग सगळं ठीक होईल.

त्यांनी रायफल घेतली. नळी भिंतीकडे. बोल्ट उघडून आत बघितलं. त्या दिवशीसारखंच. मग त्यांनी उजवा हात वर नेला, खांद्याच्या थोडा खाली तो थांबला. पुढे गेलाच नाही. ताईंनी ओठ मिटले आणि रायफल डावीकडे घेतली. लाल गादी डाव्या खांद्याला लावली. बोल्टची मूठ उजव्या बाजूला, तिथं त्यांनी डावा हात नळीवरून पलीकडे नेऊन बघितला, एकदा, दोनदा. अवघडच होतं ते. तिसऱ्यांदा जमलं.

"छान झाली," त्या म्हणाल्या. "हलकी वाटते." दस्त्यावरून अंगठा फिरवला. "माप कुठून आनलं?"

"माझंच घेतलं."

त्यांनी रायफल काउंटरवर ठेवली. माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, विचारायचं राहिलेलं काहीतरी होतं.

"त्या दिवशी तू माहा खांदा पाह्यला होता ना?"

मी नाही म्हणू शकले असते. एकदा म्हटलंच होतं.

"हो," मी म्हणाले.

"मंग?"

एवढंच. आवाज चढवून नाही. बाजारात भाव विचारतात तसं, उत्तर मिळेल म्हणून थांबून.

त्या थांबल्या होत्या, आणि मी, जिच्या जिभेवर बिल्ला होता ती, लाल गादीवर अंगठा फिरवत होते.

आतल्या खोलीत बाबांच्या कानशीचा आवाज थांबला.